कालवण: एका नावाचा अर्थ आणि तो ठरवण्याचा अधिकार

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली या गावांत ‘कालवण’ हा शब्द विशेषण न लावता उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या मनात माशाचा रस्सा येतो. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून घराघरांत ‘कालवन’ असे ऐकू येते. चिंच, कैरी किंवा कोकमाचा आंबटपणा, ठेचलेला लसूण, हळद, घरचा मसाला आणि भातावर पसरेल इतका पातळपणा ही त्याची लक्षणे. कोणता मासा हे सांगायचे झाले, तर त्याचे नाव षष्ठीत आधी येते: निवट्यांचं कालवण, जिताड्याचं कालवण, सुक्या बोंबलांचं कालवण. पहिला शब्द द्रव्य सांगतो, दुसरा रूप सांगतो. मासा नसेल, तेव्हा मात्र वेगळे सांगावे लागते: अंड्याचं कालवण, वालाचं कालवण.

हाच शब्द घाटावर, सोलापूर-साताऱ्याकडे, कोरड्या भाकरीसोबतच्या कोणत्याही पातळ पदार्थासाठी वापरला जातो. तिथे कालवण डाळीचे असते, वांग्याचे असते, मटणाचेही असते. एकाच भाषेत, एकाच शब्दाचे हे दोन वापर शेजारी-शेजारी नांदतात. त्यातून एक जुना तात्त्विक प्रश्न समोर येतो. नावाचा अर्थ नेमका कुठे असतो? शब्दाच्या घडणीत, कोशात, की बोलणाऱ्यांच्या व्यवहारात? आणि व्यवहारात असेल, तर कोणाच्या? भारतीय दर्शनांनी, विशेषतः वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने, या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. त्या विचाराच्या कसोटीवर ‘कालवण’ हे नाव तपासता येते.

घडणीचा अर्थ आणि रूढ अर्थ

‘कालवण’ हा शब्द ‘कालवणे’ या क्रियापदापासून झाला आहे. कालवणे म्हणजे कोरड्यात ओले मिसळून एकजीव करणे. ज्याने भात कालवायचा ते कालवण. घडणीतून मिळतो तो एवढाच अर्थ, आणि तो घाटावरच्या वापराशी बरोबर जुळतो. माशाचा त्यात कुठेही उल्लेख नाही. खाडीकाठी ‘कालवं’ हा शब्दही आहे. तो खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांतील मांसाचा. ध्वनिसाम्यामुळे ‘कालवांचं ते कालवण’ अशी व्युत्पत्ती लावण्याचा मोह होऊ शकतो. पण तसे असते, तर बोंबलांच्या किंवा अंड्यांच्या रश्शाला कालवण म्हणता आले नसते, आणि ‘कालवांचं कालवण’ म्हणणे ही द्विरुक्ती झाली असती. प्रत्यक्षात तो रोजच्या बोलण्यातला सरळ प्रयोग आहे.

शास्त्रकार शब्दाच्या घडणीतून मिळणाऱ्या अर्थाला ‘योग’ म्हणतात आणि समाजात ठरून गेलेल्या अर्थाला ‘रूढी’. घडण आणि रूढी दोन्ही जिथे एकत्र काम करतात, तो शब्द ‘योगरूढ’. ‘पंकज’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. चिखलात जन्मणाऱ्या वस्तू पुष्कळ, पण शब्द फक्त कमळाला लागतो. घाटावरचा ‘कालवण’ यौगिक आहे: जे-जे कालवायला घ्यावे, ते कालवण. रबाळ्याचा ‘कालवण’ योगरूढ आहे. कालवण्याची क्रिया त्यात शिल्लक आहे, पण वापराने तो शब्द माशाच्या रश्शापाशी आणून ठेवला आहे.

योग आणि रूढी यांत विरोध आला, तर बळ कोणाचे? सामान्य नियम असा, की रूढी योगाला बाजूला सारते. मीमांसेतील रथकाराच्या अधिकरणात, म्हणजे चर्चेच्या प्रकरणात, हा प्रश्न प्रत्यक्ष कर्माच्या संदर्भात येतो. पावसाळ्यात रथकाराने अग्नीची स्थापना करावी, असे विधान आहे. इथे ‘रथकार’ म्हणजे रथ बनवणारा कोणीही, की त्या नावाने ओळखला जाणारा विशिष्ट समूह? निर्णय दुसऱ्या बाजूने दिला आहे. उलट ‘प्रोक्षणी’ या शब्दाबाबत मीमांसकांनी घडणीचा अर्थ मान्य केला: ज्याने प्रोक्षण (शिंपण) करायचे ती प्रोक्षणी, मग ते पाणी असो वा अन्य द्रव. दोन्ही निर्णय एकत्र वाचले, की पद्धत स्पष्ट होते. व्यवहारात अर्थ पक्का ठरलेला असेल, तर तो घ्यावा. तसा ठरलेला नसेल, तेव्हा घडणीकडे वळावे. व्युत्पत्ती हा शब्दाचा इतिहास आहे, त्याच्या अर्थावरचा शेवटचा हुकूम नव्हे.

अर्थ कळतो कसा

नैयायिकांनी शब्दाचा अर्थ कळण्याची आठ साधने मोजली आहेत: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, वृद्धव्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचे सान्निध्य. यांतले मूळचे साधन वृद्धव्यवहार, म्हणजे मोठ्यांचे बोलणे आणि त्यानुसार घडणारी कृती. शास्त्रातील उदाहरण गाईचे आहे. एक मोठा माणूस दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा विशिष्ट प्राणी घेऊन येतो. मग ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये होतात. जवळ बसलेले मूल कोणता शब्द बदलल्यावर कोणती वस्तू बदलते हे पाहते आणि अर्थ निवडून घेते.

खाडीकाठच्या घरातले मूल ‘कालवण’ असेच शिकते. ‘कालवण वाढ’, ‘कालवणात चिंच घाल’, ‘आज कालवण नको, सुकं कर’ अशी वाक्ये त्याच्या कानावर पडतात आणि त्यांबरोबर ताटातले पदार्थ बदलतात. ‘सुकं’ वेगळे, ‘तळलेलं’ वेगळे, ‘म्हावरा’ म्हणजे मासळी स्वतः आणि ‘कालवण’ म्हणजे तिचे एक रूप, ही सगळी व्यवस्था कोणी व्याख्या न करता त्याला अवगत होते. कोश याच व्यवहाराची पुढे नोंद करतो.

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी हीच गोष्ट मांडली आहे. घट हवा असेल, तर माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि घट बनवून माग म्हणतो. पण शब्द वापरायचे आहेत म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द बनवून मागत नाही. शब्द आणि अर्थ यांचे नाते लोकांत आधीच सिद्ध असते. व्याकरण त्या नात्याला शिस्त लावते, ते निर्माण करत नाही.

दोन वापर समोरासमोर आले तर

वृद्धव्यवहार प्रमाण मानला, तरी अडचण उरते. वेगवेगळ्या वृद्धांचा व्यवहार वेगळा असू शकतो. मीमांसेचा सूत्रकार जैमिनी याच्या सूत्रांवरील भाष्यात शबराने ही अडचण तीन शब्दांवर मांडली आहे. ‘यव’ हा शब्द काही जण लांब कुसळाच्या सातूसाठी वापरतात, काही प्रियंगूसाठी. ‘वराह’ म्हणजे काहींच्या मते डुक्कर, काहींच्या मते एक काळा पक्षी. ‘वेतस’ म्हणजे कोणाला वेत, कोणाला जांभूळ. यज्ञात कोणते धान्य घ्यायचे, हे यावर अवलंबून असल्यामुळे प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही. उत्तर वाक्यशेषातून, म्हणजे त्याच ग्रंथातील पुढच्या वर्णनातून मिळते. इतर वनस्पती सुकतात तेव्हा यव टवटवीत असतात, असे वर्णन असेल, तर तिथे सातूच अभिप्रेत.

म्हणजे एकाच शब्दाच्या दोन वापरांपैकी एक कायमचा खरा आणि दुसरा कायमचा खोटा, असे ठरवण्याची गरज नसते. या वाक्यात, या संदर्भात कोणता, एवढे ठरवावे लागते. ‘कालवणात कोकम जास्त झालं, मासा उकलला’ या वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाचा अर्थ निश्चित करतो. ‘भाकरीला कालवण काय केलंय?’ या प्रश्नात मात्र पदार्थ खुला आहे. इथे कालवण हे एखाद्या पदार्थापेक्षा ताटातल्या एका कामाचे नाव आहे. घाटावर त्याच कामाला ‘कोरड्यास’ असाही शब्द आहे. कोरड्यासाठी जे ओले, ते कोरड्यास.

वस्तू ज्यांच्या हाती, शब्द त्यांचा

जैमिनीच्या सूत्रांच्या याच भागात पुढे येणारे अधिकरण या विषयाच्या गाभ्याशी जाते. वेदात ‘पिक’, ‘नेम’, ‘सत’, ‘तामरस’ असे काही शब्द येतात, ज्यांचा अर्थ वैदिक परंपरेतल्या लोकांच्या वापरात उरलेला नव्हता. ज्यांना ग्रंथ ‘म्लेच्छ’ म्हणतो, त्या बाहेरच्या समाजांत मात्र ते चालू होते: पिक म्हणजे कोकीळ, नेम म्हणजे अर्धे, तामरस म्हणजे कमळ. अशा वेळी व्याकरण आणि निरुक्त (व्युत्पत्तिशास्त्र) यांच्या आधारे धातू शोधून अर्थ बनवायचा, की त्या लोकांच्या वापरातला अर्थ घ्यायचा?

पूर्वपक्षाचे म्हणणे असे, की प्रमाण शिष्टांचा आचार आहे, म्हणून बाहेरच्यांचा वापर सोडून व्युत्पत्ती लावावी. सिद्धांत उलट आहे. विरोध नसेल, तर त्यांचाच अर्थ स्वीकारावा. शबराने दिलेले कारण अधिक मोलाचे आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या धर्माच्या विषयात शिष्ट प्रमाण; पण पक्षी पाळणे आणि पकडणे यांत बाहेरचे लोक अधिक निष्णात आहेत, म्हणून पक्ष्याच्या नावाचा अर्थ त्यांच्याकडूनच कळतो. ‘म्लेच्छ’ या शब्दातला तुच्छताभाव लपत नाही. तरीही जी परंपरा अधिकाराच्या बाबतीत अत्यंत कडक होती, तिनेच इथे स्वतःच्या विद्वत्तेपेक्षा वस्तू हाताळणाऱ्याच्या ज्ञानाला वरचे स्थान दिले. हा प्रामाणिकपणा आजही आदर्श ठरावा.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने तंत्रवार्तिकात याच ठिकाणी अन्नाच्याच एका शब्दाचे उदाहरण दिले आहे. द्रविड भाषेत शिजलेल्या भाताला ‘चोर्’ म्हणतात. आपल्या भाषेच्या सवयीने ऐकणारे त्याला शेवटी स्वर जोडतात आणि त्यात ‘चोर’ वाचतात. सापाला ‘पाप्’ म्हणतात, तर ऐकणारे तो खरोखर पापीच, अशी समजूत करून घेतात. दुसऱ्याच्या शब्दात आपल्या भाषेचा अर्थ घुसवला, की भाताचा चोर होतो. व्युत्पत्तीच्या नावाखाली मनाला येईल ते रचण्याचा हा धोका कुमारिलाने नेमका दाखवला.

मुंबईच्या समुद्रातल्या एका माशाबाबत हाच प्रकार जागतिक पातळीवर घडला आहे. १६७३ साली मुंबईत आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने माझगाव हे मासेमारीचे गाव असल्याचे आणि तिथला ‘बंबेलो’ हा मासा गरिबांचे अन्न असल्याचे नोंदले. तो शब्द उघडच ‘बोंबील’चा. पुढे इंग्रजीत त्याच सुक्या बोंबलाला ‘बॉम्बे डक’ हे नाव पडले. बदकाशी त्याचा काही संबंध नाही. मग नावाला अर्थ हवा म्हणून एक कथा तयार झाली: सुके बोंबील टपालगाडीने जात, टपाल म्हणजे डाक, त्या ‘बॉम्बे डाक’चे ‘बॉम्बे डक’ झाले. ही कथा काळाच्या हिशेबात बसत नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि ‘बॉम्बे डक’ हे नाव इंग्रजी लेखनात त्याआधीच आढळते. ज्यांनी मासा पकडला, वाळवला, रांधला त्यांना या कथेची गरज कधीच पडली नाही. त्यांच्याकडे त्याचे नाव बोंबील होते आणि आहे. नाव वस्तू हाताळणाऱ्यांपासून सुटले, की त्याला आधार देण्यासाठी गोष्टी रचाव्या लागतात.

म्हणून ते इंग्रजी नाव निरर्थक ठरते, असेही नाही. इंग्रजांच्या जेवणात करी-भातावर चुरून घालायचा कुरकुरीत सुका बोंबील, हा त्याचा अर्थ त्यांच्या व्यवहारात पक्का होता. १९९५ साली शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले, तरी पदार्थाचे इंग्रजी नाव बदलले नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात डार्टमथ या गावाचे उदाहरण दिले आहे. नदीचा प्रवाह बदलून गाव तिच्या मुखाशी राहिले नाही, तरी त्याचे नाव तेच राहील. कारण नाव वर्णनावर उभे नसते, ते वस्तूला लावलेले असते. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ संवादातला वादही हाच: नावे वस्तूच्या स्वभावातून येतात, की लोकांच्या संमतीतून? मीमांसेने या वादात एक वेगळी भर घातली. तिने संमती कोणाची, हा पुढचा प्रश्न विचारला आणि उत्तरही दिले.

व्रत, नैवेद्य आणि नाव

नावाच्या अर्थाला धार्मिक वजन येते ते खाण्या-न खाण्याच्या नियमांत. आगरी आणि कोळी समाजात एकवीरेची भक्ती आहे, वारकरी माळ आहे, आणि मासळीही रोजच्या जेवणात आहे. त्यामुळे कोणत्या दिवशी काय चालते, याची भाषा फार नेमकी झाली आहे. ‘तिखटा’चा नैवेद्य म्हणजे मांस-मासळीचा, ‘गोडा’ म्हणजे तिच्याविना. मिरची किती, गूळ किती, याच्याशी त्या शब्दांचा संबंध नाही. रूढीने त्यांना हे अर्थ दिले आहेत. मालवणीत आणि गोव्यात मासळीविना जेवणाला ‘शिवराक’ म्हणतात. काही घरांत गौरीला चिंबोऱ्यांचा किंवा मासळीचा नैवेद्य असतो, तर एकादशीला आणि श्रावणात अनेक घरांत मासळी बंद असते.

अशा दिवशी ‘आज कालवण नाही’ या वाक्याचा अर्थ ‘आज मासा नाही’ असा होतो. त्याच दिवशी वालाचा पातळ रस्सा केला आणि त्यालाही कालवण म्हटले, तर व्रत मोडत नाही. नियम वस्तूला लागू आहे, नावाला नाही. उलटही तितकेच खरे. माशाला दुसरे नाव देऊन तो व्रताच्या ताटात आणता येत नाही. नाव हे वस्तूपर्यंत नेणारा रस्ता आहे. नियम पाळणाऱ्याने रस्त्याच्या शेवटी काय आहे ते पाहायचे असते. म्हणूनच परक्या ठिकाणी जेवणाऱ्याने नावाचा आपल्या गावचा अर्थ गृहीत धरू नये. घाटावरच्या शाकाहारी घरातले ‘कालवण’ ऐकून आगरी पाहुण्याने माशाची अपेक्षा ठेवणे आणि रबाळ्यात ‘कालवण-भात’ ऐकून शाकाहारी पाहुण्याने तो मागवणे, ही एकाच प्रकारची चूक आहे. वाढणाऱ्याचीही जबाबदारी आहे: आपला शब्द समोरच्याच्या व्यवहारात काय सांगतो, हे ओळखून बोलण्याची. अन्नदानात सत्य बोलण्याचा हा भाग आहे.

व्यवहार टिकला तर अर्थ टिकतो

अर्थ व्यवहारात असेल, तर व्यवहार विरळ झाल्यावर अर्थही विरळ होतो. रबाळे परिसरात हे डोळ्यांसमोर घडत आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला, १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी योजनेत आल्या, १९९२ साली नवी मुंबई महानगरपालिका कामाला लागली. मिठागरे आणि भातशेती गेली; सांडपाणी, गाळ आणि भराव यांनी खाडीतली मासळी घटली. खाडीचा मोठा भाग आज फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण निवटी, चिवणी, खुबे, खरबी ही नावे वस्तूसह ओळखणारी माणसे कमी होत आहेत. बाजारातून आणलेल्या पापलेटचे कालवण होत राहील; निवट्यांच्या कालवणाचा अर्थ मात्र निवटी पाहिलेल्या, धरलेल्या, खाल्लेल्या माणसांशिवाय फक्त कोशात उरेल. वेदातल्या ‘पिक’ आणि ‘नेम’ शब्दांची ज्या अवस्थेत चर्चा झाली, तीच ही अवस्था. फरक एवढाच, की तेव्हा विचारायला पक्षी पकडणारी माणसे होती.

यातून कर्तव्य निघते. अशा नावांची नोंद करताना ती व्याकरणाच्या टेबलावर बसून न करता कोळीवाड्यात, आगरी घरांत, बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांकडून करावी. ‘कालवन’ हा उच्चार अशुद्ध ठरवून दुरुस्त करण्याऐवजी त्याचा वापर कुठे, कोणत्या वाक्यात, कोणत्या पदार्थासाठी होतो, ते लिहून ठेवावे. आणि खाडी जिवंत ठेवावी, कारण शब्दाचा साक्षीदार माणूस असतो आणि माणसाचा साक्षीदार ती वस्तू.

‘कालवण’ या नावाबाबत एकंदर निर्णय असा मांडता येतो. घडणीने तो कालवण्याच्या क्रियेचा शब्द आहे. ठाणे खाडीकाठी रूढीने तो माशाच्या रश्शाचा शब्द आहे, घाटावर तो कोणत्याही ओल्या जोडपदार्थाचा. दोन्ही वापर आपापल्या जागी प्रमाण आहेत आणि संदर्भ त्यांतला निवडतो. मासळीच्या संदर्भात शेवटचा शब्द मासळी धरणाऱ्यांचा आणि रांधणाऱ्यांचा. व्रत-नैवेद्यात नावापेक्षा वस्तू पाहावी. आणि ज्या समाजाच्या व्यवहारावर अर्थ उभा आहे, त्या समाजाचा पाण्याशी असलेला संबंध जपणे, हा अर्थ जपण्याचा एकमेव खात्रीचा मार्ग आहे.